पंधरा कोसांतले अकरा जण



मागच्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या शालेय क्रीडास्पर्धा झाल्या. बक्षीस समारंभासाठी मलाही बोलावणे होते. तिथे एक तरुण शिक्षक भेटले. त्यांच्या शाळेचा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला होता आणि पोरे मैदानाच्या कडेला डबे उघडून निमूट बसली होती. मी सहज विचारपूस केली, तर गुरुजी म्हणाले, "सर, पोरं तरी काय करणार? चांगली पोरं शहरातल्या शाळा उचलून नेतात, आमच्या वाट्याला उरलीसुरली. आणि मी तरी कुठला मोठा खेळाडू? मीच कधी जिल्ह्याच्या संघात नव्हतो, तर यांना काय शिकवू?"

मी त्यांना त्या वेळी काही बोललो नाही. हरलेल्या माणसाला लगेच उपदेश करू नये, तो त्याला टोचतो. पण परत येताना एस.टी.त मला सारखा एक माणूस आठवत होता. हा माणूस आपल्याकडचा नव्हे. स्कॉटलंडच्या कोळशाच्या खाणीत अकरा वर्षे घालवलेला, फुटबॉल बरा खेळणारा, पण फार मोठा खेळाडू म्हणून कधीच न गाजलेला. त्याचे नाव जॉक स्टीन. इंग्रजी अक्षरे पाहून कोणी 'स्टाइन' म्हणेल, परंतु त्याच्या मुलखात 'स्टीन' असाच उच्चार करतात. मूळ नाव जॉन. आपल्याकडे पांडुरंगाचा जसा पांडू होतो, तसा तिकडे जॉनचा जॉक होतो. आज त्याचीच हकीकत सांगायची आहे.

ग्लासगो हे स्कॉटलंडचे सर्वांत मोठे शहर. त्याच्या आग्नेयेला लॅनार्कशर नावाचा परगणा आहे. तिथल्या हॅमिल्टन गावाला लागून बर्नबँक नावाची खाणकामगारांची वस्ती. तिथे ५ ऑक्टोबर १९२२ रोजी स्टीनचा जन्म झाला. बाप खाणीतच होता. शेजारचे गाव ब्लँटायर. आफ्रिकेचा प्रवासी लिव्हिंग्स्टन याचे हे जन्मगाव म्हणून भूगोलाच्या शिक्षकांना ठाऊक असेल. पण त्या भागातल्या लोकांना ब्लँटायर म्हटले की १८७७ सालचा खाणीतला स्फोट आठवतो. त्यात दोनशेहून अधिक माणसे मेली. अशा मुलखात मुलगा चौदा वर्षांचा झाला की त्याची शाळा सुटायची. स्टीनचीही सुटली. काही दिवस त्याने गालिच्यांच्या कारखान्यात काम केले, आणि मग बापाच्या वाटेने तो खाणीत उतरला.

खाणीतल्या दिवसांबद्दल स्टीन पुढे आयुष्यभर बोलत असे. त्याचे म्हणणे असे : तुम्ही जमिनीच्या पोटात खोल उतरता, डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही इतका अंधार. शेजारचा माणूस कोण, हेही कळत नाही. पण तो न दिसणारा माणूसच तुमचा सगळ्यांत जवळचा सोबती असतो, कारण तुमचा जीव त्याच्या हातात आणि त्याचा तुमच्या. मोठेपणी हाताखालचा एखादा खेळाडू आपल्यालाच फार शहाणा समजू लागला, की स्टीनला ती खाण आठवत असणार. आणखी एक गोष्ट त्याला खाणीनेच शिकवली. मैदानावरचा घाम म्हणजे काही कष्ट नव्हेत. ज्याने खरे कष्ट पाहिले आहेत, त्याच्यापुढे कुरकुर करायची सोय नसते.

आता त्याच्या खेळाबद्दल. १९४२ साली कोटब्रिज गावच्या आल्बियन रोव्हर्स या लहानशा क्लबाने त्याला घेतले. आठवडाभर खाण, शनिवारी सामना. लढाईचे दिवस होते, कोळसा हवा होता, म्हणून खाणकामगारांना सैन्यात नेत नसत. तो बचावफळीत मधोमध उभा राहायचा. डावखुरा, आडदांड, डोक्याने चेंडू मारण्यात पटाईत. पायात मात्र जादू नव्हती. चेंडू परतवायला तो गुडघ्याचासुद्धा उपयोग करी, आणि लोक त्याला हसत. आठ वर्षे अशीच गेली. १९५० साली वेल्समधल्या लानेली गावच्या क्लबाने आठवड्याला बारा पौंड देऊ केले. तेव्हा कुठे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने खाण सोडली आणि तो पूर्ण वेळ खेळाडू झाला.

तिथेही बस्तान बसले नाही. हॅमिल्टनला घर बंद असताना दोनदा चोरी झाली. बायको म्हणाली, आता परत जाऊ. स्टीन हताश झाला होता. खेळ सोडून पुन्हा खाणीत उतरावे, असे त्याच्या मनात घोळत होते. इतक्यात, डिसेंबर १९५१ मध्ये, ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाकडून विचारणा झाली. सेल्टिकच्या राखीव संघाच्या एका शिक्षकाला, जिमी ग्रिबेन त्यांचे नाव, हा आल्बियनचा जुना गडी आठवला होता. बाराशे पौंडांत सौदा झाला. पण तो कशासाठी? राखीव संघातल्या पोरसवदा खेळाडूंना वडीलधारी सोबत असावी म्हणून. पहिल्या संघात खेळायला त्याला कोणी घेतलेच नव्हते.

इथे सेल्टिकबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. ग्लासगोच्या पूर्व भागात आयर्लंडहून पोटासाठी आलेले गरीब कॅथलिक लोक राहत. त्यांच्या उपाशी मुलांना जेवण मिळावे, त्यासाठी पैसा जमवावा, म्हणून एका धर्मबंधूने १८८७ साली हा क्लब काढला. शहरातला दुसरा मोठा क्लब रेंजर्स, तो प्रॉटेस्टंटांचा. आपल्याकडे कोल्हापुरात तालमीतालमींचे फुटबॉल संघ असतात आणि सामन्याच्या दिवशी पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. ग्लासगोत तीच ईर्ष्या, पण तिच्यात धर्माचे विष कालवलेले. स्टीन प्रॉटेस्टंट घरातला. त्याने सेल्टिकचा पट्ट्यापट्ट्यांचा हिरवा-पांढरा सदरा अंगात घातला, तेव्हा त्याच्या काही बाळमित्रांनी त्याच्याशी बोलणे सोडले, ते कायमचे. सेल्टिकने मात्र खेळाडू घेताना धर्म पाहिला नव्हता, आणि स्टीन ते कधी विसरला नाही.

पुढे योगायोग असा की पहिल्या संघातले बचावपटू एकामागून एक जायबंदी झाले आणि या तात्पुरत्या माणसाला आत घ्यावे लागले. तो मग बाहेर निघालाच नाही. संघाचा कप्तान शॉन फॅलन, आयर्लंडचा. त्याने स्टीनला उपकप्तान नेमले. काही दिवसांनी फॅलनचा हात मोडला आणि स्टीन कप्तान झाला. हा फॅलन लक्षात ठेवा. १९५४ साली सेल्टिकने लीग आणि स्कॉटिश कप दोन्ही जिंकले. अशी जोडी त्यांना चाळीस वर्षांत जमली नव्हती.

बक्षीस म्हणून क्लबाने खेळाडूंना स्वित्झर्लंडला विश्वचषकाचे सामने पाहायला नेले. तिथे युरुग्वेने स्कॉटलंडला सात-शून्य असे धुतले. आपलाच देश, आणि सात गोल! बाकीच्यांसाठी ती सहल होती. स्टीनसाठी मात्र ती शाळाच ठरली. हंगेरीचे खेळाडू चेंडूशिवाय कसे धावतात, जागा कशी मोकळी करतात, हे त्याने डोळ्यांत साठवून आणले. ग्लासगोत ही मंडळी दुपारी एका खानावळीत जेवायला बसत. जेवण आटोपले की स्टीन मिठाच्या डब्या, कप, काटे-चमचे टेबलावर मांडून खेळाचे डाव समजावू लागे.

आणि मग १९५५ साली रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात त्याचा घोटा दुखावला. शस्त्रक्रिया झाली, पण घोटा वाकेनासा झाला. १९५७च्या आरंभी त्याचे खेळणे कायमचे थांबले. चालताना पाय जरा ओढत चालायची लकब शेवटपर्यंत राहिली.

क्लबाने त्याला राखीव संघातल्या मुलांना शिकवायचे काम दिले. त्या काळी तिकडे सराव म्हणजे काय होता, ते ऐकून आपल्याला नवल वाटेल. खेळाडूंनी मैदानाभोवती फेऱ्या मारायच्या, बस्स. चेंडू सरावाला फारसा द्यायचाच नाही. का? तर आठवडाभर चेंडू दिसला नाही म्हणजे शनिवारी त्याची भूक लागेल! मॅनेजर म्हणजे कोट-टाय घालून कचेरीत बसणारा गृहस्थ. (आपल्याकडेही कवायत म्हणजेच खेळ, असे मानणारे मास्तर आमच्या लहानपणी होते. आम्ही वर्षभर 'एक-साथ, सावधान' केले. चेंडू कपाटात होता आणि कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडे.) स्टीन ढगळ कपडे घालून स्वतः मैदानात उतरला आणि पोरांच्या पायात चेंडू दिला. जे करायचे ते चेंडूसकट. बिली मॅकनील, जॉन क्लार्क अशी कोवळी पोरे तिथे होती. तीही लॅनार्कशरचीच, म्हणून संध्याकाळी स्टीनबरोबर एकाच बसने घरी जात. त्या बसमध्येही शिकवणे चालूच.

१९६०च्या मार्चमध्ये डनफर्मलिन या लहान क्लबाने त्याला मॅनेजर म्हणून नेले. क्लब तळाशी गेलेला, खालच्या वर्गात ढकलला जाण्याच्या बेतात. स्टीन आला आणि पहिले सहा सामने लागोपाठ जिंकले. पुढच्याच वर्षी डनफर्मलिनने स्कॉटिश कप जिंकला. अंतिम सामना कोणाविरुद्ध? सेल्टिकविरुद्धच! एकदा बरोबरी, आणि फेरसामन्यात दोन-शून्य. गुरूने आपल्याच जुन्या पोरांना हरवले.

त्यानंतरची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९६३ साली स्टीन इटलीला मिलान शहरी गेला. तिथे इंटर या क्लबाचा शिक्षक हेलेनिओ एरेरा याचा त्या वेळी युरोपभर दबदबा होता. त्याची पद्धत बचावाची. इटालियन भाषेत तिला 'कातेनाच्यो' म्हणतात, म्हणजे दाराचा अडसर. एक गोल करायचा, दार लावायचे, अडसर सरकवायचा, मग समोरच्याने डोके आपटले तरी दार उघडायचे नाही. स्टीन काही दिवस तिथे राहिला, सराव पाहिला, विचारले, टिपून घेतले. चाळिशी गाठलेला, आपल्या देशात नाव झालेला माणूस विद्यार्थी होऊन बसला. आम्हां प्राध्यापक मंडळींना हे जरा जड जाते, म्हणून मुद्दाम सांगितले. आणि त्याने तिथून नक्कल उचलून आणली नाही. अडसर कसा घालतात हे शिकता शिकता तो कसा मोडावा, याचा विचार तो करीत होता.

मध्ये वर्षभर एडिंबराच्या हिबर्नियन क्लबात काम करून मार्च १९६५ मध्ये स्टीन सेल्टिकला मॅनेजर म्हणून परत आला. तेही सरळ झाले नाही. क्लबाच्या अध्यक्षांचा बेत होता की स्टीन आणि फॅलन या दोघांनी मिळून कारभार पाहावा. स्टीनने साफ नकार दिला. तोवर संघात कोण खेळणार, हेही अध्यक्षच ठरवीत. स्टीन म्हणाला, संघ मी निवडीन, नाहीतर येणार नाही. सेल्टिकच्या इतिहासातला तो पहिला प्रॉटेस्टंट मॅनेजर. ती जागा आपल्याला मिळेल, अशी आशा असलेला फॅलन त्याचा दुय्यम म्हणून उभा राहिला आणि बारा-तेरा वर्षे निष्ठेने राबला. अशा माणसांची नावे कपांवर कोरत नाहीत.

आता त्या संघाकडे पाहू. हीच पोरे आठ वर्षे एक मोठे बक्षीस जिंकू शकली नव्हती. कप्तान मॅकनील क्लब सोडून इंग्लंडला जायच्या विचारात होता. बॉबी मर्डॉक पुढच्या फळीत खेळत होता आणि अडखळत होता. स्टीनने ओळखले की याचे पाय मंद आहेत, पण नजर लांबची आहे. त्याला मधल्या फळीत आणले, आणि साऱ्या संघाला चेंडू पुरवण्याचे काम त्याच्याकडे गेले. बर्टी ऑल्ड कडेला धावत होता, त्यालाही मध्ये आणले. टॉमी जेमेल डाव्या बाजूचा बचावपटू, पण त्याचा उजवा पाय म्हणजे तोफ. त्याला सांगितले, संधी दिसली की पुढे जा आणि मार. बाजारातून नवा माल आणण्याआधी घरातल्याच भांड्यांची जागा बदलून पाहिली म्हणा ना.

गोलरक्षक रॉनी सिम्पसनची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. हिबर्नियनला असताना हा आता म्हातारा झाला, असे ठरवून स्टीननेच त्याला सेल्टिकला विकले होते. काही महिन्यांनी स्टीन मागोमाग तिथेच येतोय हे कळताच सिम्पसन बायकोला म्हणाला, आता आपण बोचके बांधावे हे बरे. पण स्टीनने पुन्हा पाहिले, आपला अंदाज चुकला हे मनाशी कबूल केले आणि त्यालाच गोलात उभे केले. छत्तिसाव्या वर्षी हा माणूस युरोपच्या अंतिम सामन्यात खेळला.

१९६६-६७च्या हंगामात सेल्टिक ज्या ज्या स्पर्धेत उतरला ती ती त्याने जिंकली. लीग, स्कॉटिश कप, लीग कप, ग्लासगो कप. राहिला तो युरोपीय कप, युरोपातल्या देशोदेशींच्या विजेत्या क्लबांचा. स्वित्झर्लंड, फ्रान्स, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया येथील क्लबांना हरवून संघ अंतिम फेरीत आला. तारीख २५ मे १९६७, गाव पोर्तुगालचे लिस्बन. आणि समोर कोण? एरेराचा इंटर मिलान. १९६४ आणि १९६५ अशी दोन वर्षे हाच कप जिंकलेला.

दोन्ही संघ मैदानात उतरण्यापूर्वी बोगद्यात शेजारी शेजारी उभे होते. इटालियन खेळाडू उंचेपुरे, उन्हाने तांबूस झालेले, केस चापूनचोपून बसवलेले, नटांसारखे. सेल्टिकची पोरे फिकट, बुटकी. काहींचे पुढचे दात नाहीत. कवळ्या काढून त्या सिम्पसनच्या टोपीत ठेवल्या होत्या आणि ती टोपी गोलाच्या जाळीत. ऑल्डने एकाएकी क्लबाचे गाणे मोठ्याने म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी सूर धरला. इटालियन पाहतच राहिले.

ते अकरा जण असे : सिम्पसन, क्रेग, जेमेल, मर्डॉक, मॅकनील, क्लार्क, जॉन्स्टन, वॉलेस, चामर्स, ऑल्ड आणि लेनॉक्स. हे अकराच्या अकरा सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. आपल्या हिशेबात पंधरा कोस. लेनॉक्स त्यातला सर्वांत लांबचा, समुद्रकाठच्या सॉल्टकोट्सचा. एखाद्या तालुक्याच्या गावाभोवती पंधरा कोसांचे रिंगण काढा आणि त्यातून अकरा पोरे उचला. त्यांनी युरोप खंडातल्या सगळ्या क्लबांना हरवले, असे समजा.

सातव्या मिनिटाला इंटरला पेनल्टी मिळाली. मात्सोलाने गोल केला. झाले, दार लागले, अडसर पडला. इंटरला नेमके हेच हवे होते, आणि जगातल्या कुठल्याही संघाची अशा वेळी गाळण उडाली असती. सेल्टिकची पोरे मात्र लाटांसारखी जाऊन आपटत राहिली. दोनदा चेंडू गोलाच्या आडव्या दांड्यावर आदळला. इंटरचा गोलरक्षक सार्ती त्या दिवशी असा खेळला की अशक्य ते सगळे त्याने अडवले. मध्यंतर झाले, एक-शून्य.

स्टीनचा विचार साधा होता. इंटरचा प्रत्येक बचावपटू एकेका माणसाला चिकटून राहतो. मग पुढच्या खेळाडूंनी जागा सोडून इकडे तिकडे भटकावे, म्हणजे पहारेकरीही त्यांच्या मागे भटकतील. आणि मोकळ्या झालेल्या जागेत मागून बचावपटूंनी घुसावे, कारण त्यांच्यावर पहारा ठेवायला कोणी नेमलेलाच नसतो. त्रेसष्टाव्या मिनिटाला तसेच घडले. उजवीकडचा बचावपटू क्रेग चेंडू घेऊन पुढे गेला, त्याने तो मधोमध सरकवला, आणि डावीकडचा बचावपटू जेमेल धावत आला नि त्याने तो असा हाणला की सार्तीला हलायलाही वेळ मिळाला नाही. गंमत अशी की एक बचावपटू पुढे गेला तर दुसऱ्याने मागे थांबायचे, असा स्टीनचाच नियम होता. आपण तो मोडला, हे जेमेल पुढे हसत हसत सांगे. गोल झाला म्हणून बरे.

एक-एक. आता इंटरला बचावाशिवाय दुसरे काही येत नव्हते आणि पायांत त्राण उरले नव्हते. सामना संपायला पाच-सहा मिनिटे असताना मर्डॉकने बाहेरून फटका मारला आणि वाटेत उभ्या असलेल्या चामर्सने पाय लावून तो आत वळवला. लोक म्हणाले, नशीब. चामर्स सांगे की हे आम्ही सरावात पुन्हा पुन्हा केले होते : लांबून फटका आणि जवळ उभा असलेल्याने दिशा बदलायची. सराव, चेंडूसकट.

दोन-एक. ब्रिटनच्या कुठल्याही क्लबाने हा कप तोवर जिंकला नव्हता. प्रेक्षक मैदानात घुसले. बाकीचे खेळाडू गर्दीत सापडले, आणि कप घ्यायला मॅकनीलला एकट्यालाच जावे लागले. कोणी सदरा गमावला, कोणी बूट, आणि काही जण गर्दीतून वाट काढीत गोलाकडे पळाले, टोपीतले दात वाचवायला! लिव्हरपूलचा मॅनेजर बिल शँक्ली हाही स्कॉटलंडच्या खाणीतला माणूस. तो स्टीनला भेटून म्हणाला, "जॉन, तू आता अमर झालास."

इथे थांबलो असतो तर गोष्ट फार गोड झाली असती. पण माणूस पूर्ण दिसला पाहिजे.

स्टीन दारूला शिवत नसे, मात्र घोड्यांवर पैसे लावण्याचा त्याला नाद होता. खेळाडूंवर त्याचा वचक इतका की ते कुठे जातात, कोणाबरोबर बसतात याची खबर त्याला लागलेली असायची. लिस्बनचे वीर पुढे एकेक करून त्याने दूर केले, ते पुष्कळांना कठोर वाटले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अर्जेंटिनाच्या रासिंग क्लबाशी जगज्जेतेपदाचा सामना झाला. आधीच्या भेटीत सिम्पसनच्या डोक्यात प्रेक्षकांतून काहीतरी फेकून मारले होते. मोंतेव्हिदेओच्या निर्णायक सामन्यात सेल्टिकच्या पोरांचा तोल सुटला. पंचाने त्यांच्या चौघांना बाहेर काढले. क्लबाने आपल्याच खेळाडूंना प्रत्येकी २५० पौंड दंड केला. १९७० साली संघ पुन्हा युरोपच्या अंतिम फेरीत गेला. उपांत्य फेरीत ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर १,३६,०००हून अधिक लोकांसमोर इंग्लंडच्या लीड्स संघाला हरवले होते. त्या धुंदीत हॉलंडच्या फेयनूर्ड संघाला सगळ्यांनी हलके लेखले, आणि त्या सगळ्यांत स्टीनही होता. ज्याने एरेराचे दार मोडले, तोच या वेळी समोरच्याकडे नीट पाहायला विसरला. सामना हातचा गेला.

पण माणूस ओळखण्याची त्याची हातोटी पाहा. जिमी जॉन्स्टन हा संघातला सर्वांत छोटा, सर्वांत कसबी आणि सर्वांत वांड खेळाडू. विमानाची त्याला विलक्षण भीती. १९६८च्या नोव्हेंबरात बेलग्रेडच्या रेड स्टार संघाशी ग्लासगोत सामना होता, परतीचा सामना बेलग्रेडला. मध्यंतराला एक-एक बरोबरी. स्टीनने जिमीला बाजूला घेऊन सांगितले : आज चार गोलांच्या फरकाने जिंकलो, तर तुला विमानात बसावे लागणार नाही. उत्तरार्धात त्या चिमुरड्याने जे केले, त्याला खेळ म्हणावे की थैमान! त्याने स्वतः दोन गोल मारले आणि सामना पाच-एक झाला. ज्या भीतीसाठी दुसऱ्याने त्याला नावे ठेवली असती, त्या भीतीलाच स्टीनने कामाला लावले. आणि शब्द पाळला. जिमी बेलग्रेडला गेला नाही.

१९६६ ते १९७४ अशी लागोपाठ नऊ वर्षे सेल्टिकने लीग जिंकली. या यशाच्या मध्येच २ जानेवारी १९७१चा दिवस आला. रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर सामना संपल्यावर जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ६६ माणसे मेली. मेलेले रेंजर्सचे पाठीराखे. त्या संध्याकाळी स्टीन मैदानावर जखमींच्या मदतीला धावत होता. ज्या भिंतीपायी त्याचे बाळमित्र तुटले होते, ती भिंत त्या दिवशी कोणाला दिसली नाही.

१९७५च्या जुलैत चुकीच्या बाजूने आलेल्या एका मोटारीने त्याच्या गाडीला समोरून धडक दिली. जीव वाचला. वर्षभर त्याच्या जागी संघ कोणी सांभाळला? शॉन फॅलनने. स्टीन परतला, १९७७ साली आणखी एकदा लीग जिंकली, पण पूर्वीचा जोर उरला नव्हता. १९७८ साली मॅनेजरपद सोडल्यावर क्लबाने त्याला पैसा उभारण्याच्या खात्यात जागा देऊ केली. तेरा वर्षांच्या कामानंतर तिकिटे खपवण्याचे काम! त्याने ते घेतले नाही. जेमतेम दीड महिना लीड्सला काढला आणि ऑक्टोबरात तो स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचा मॅनेजर झाला.

१० सप्टेंबर १९८५. वेल्समधले कार्डिफ शहर. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाची आशा टिकवायची तर स्कॉटलंडने हा सामना निदान बरोबरीत सोडवायला हवा होता. वेल्सने आधी गोल केला. मध्यंतराला कळले की गोलरक्षक लेटन याच्या डोळ्यातली काच पडली आहे आणि जवळ दुसरी नाही. तो डोळ्यांत काचा घालतो, हेच स्टीनला ठाऊक नव्हते. खेळाडूंची बारीकसारीक खबर ठेवणारा माणूस, त्याला हे फार लागले असणार. त्याने गोलरक्षक बदलला. शेवटची दहा मिनिटे उरली असताना स्कॉटलंडला पेनल्टी मिळाली आणि डेव्ही कूपरने गोल केला. एक-एक. सामना संपत असतानाच मैदानाच्या कडेला स्टीन कोसळला. त्याला उचलून आतल्या दवाखान्याच्या खोलीत नेले. हृदय थकलेले होते. तिथेच तो गेला. वय ६२.

बाहेर हजारो स्कॉटिश लोक होते. बरोबरी साधली होती, नाचायचे दिवस होते. बातमी हळूहळू गर्दीतून पसरली आणि ती माणसे जागच्या जागी गप्प उभी राहिली.

त्या रात्री स्टीनचा दुय्यम म्हणून बाकावर बसलेला तरुण पुढे फार मोठा झाला. त्याचे नाव ॲलेक्स फर्ग्युसन. त्याने संघ हाती घेतला, ऑस्ट्रेलियाला हरवले, आणि १९८६ साली स्कॉटलंडची पोरे मेक्सिकोला विश्वचषक खेळायला गेली.